चाकाच्या टोपणाचा हिरवा रंग : भरवसा किती, पारख कशी?

चाकात हवा किती आहे हे आपल्याकडे कसे पाहतात ते जरा आठवा. कोणी चाकाला लाथ मारून पाहतो. कोणी अंगठ्याने दाबतो. ट्रॉलीवाला पान्याने टायरवर ठोका देतो आणि आवाजावरून ठरवतो. हवा अगदीच गेली असेल तर या युक्त्यांनी कळते, नाही असे नाही. पण ३२ पौंडांची हवा २४ वर आली, तर ना लाथेला कळते ना ठोक्याला. डोळ्यालाही कळत नाही, कारण हल्लीचे रेडियल टायर पुरेशी हवा असतानाही खाली थोडे फुगलेलेच दिसतात. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण टायरलाही लागू पडते.

ही अडचण ओळखून बाजारात एक वस्तू आली आहे. टायरच्या व्हॉल्व्हवर काळे टोपण असते, त्या जागी बसवायचे एक रंग दाखवणारे टोपण. डोक्यावर काचेसारखे पारदर्शक झाकण, आत रंगीत नळ्या. हवा पुरेशी असली की हिरवा रंग दिसतो, थोडी उतरली की पिवळा आणि फार उतरली की तांबडा. टायरच्या दुकानात ती मिळतात आणि हल्ली मोबाइलवरून मागवली की घरपोचही येतात. पैसे थोडे आणि दिसायला झकास. गाडीभोवती एक चक्कर मारली की चारही चाकांची खबर मिळाली! कोणालाही मोह व्हावा.

मोह वाईट नाही, पण आपण बैल घेताना दात पाहतो आणि बियाणे पेरण्याआधी उगवण पाहतो. मग ज्या चाकांवर घरची माणसे बसतात, त्या चाकाच्या टोपणाची पारख का करू नये? ती घरच्या घरी कशी करायची, हे या लेखात सांगायचे आहे.

हवाच भार वाहते

आधी एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. गाडीचा भार रबर पेलत नाही, रबरात कोंडलेली हवा पेलते. हवा कमी झाली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. लोखंडी तार हातात धरून वाकडी-सरळ केली की ती गरम होते, तसाच टायरही गरम होतो. रबर आणि आतले दोऱ्यांचे थर यांची पकड सुटू लागते. बाहेरून काही दिसत नाही आणि एके दिवशी भर वेगात टायर फुटतो. लोक म्हणतात, ‘अचानक फुटला.’ पण त्याची तयारी आठवडेच्या आठवडे चाललेली असते.

नुकसान एवढ्यावरच थांबत नाही. हवा कमी असली की चाक जड चालते आणि डिझेल, पेट्रोल जास्त लागते. कारखान्याला ऊस नेणारी टायरगाडी असेल, तर ते जडपण बैलांच्या खांद्यावर येते. गळीत हंगामात दोन-अडीच टन ऊस ओढणाऱ्या मुक्या जनावराला आपल्या आळशीपणाची शिक्षा कशाला? ट्रॉलीच्या एका बाजूच्या चाकात हवा कमी असेल, तर भरलेली ट्रॉली त्या बाजूला कलते आणि वळणावर घात करते.

पंक्चर नसले तरी हवा उतरतेच. रबरातून ती अगदी सावकाश पाझरते. महिन्याला पौंड-दोन पौंड उतरणे हे चांगल्या टायरचेही चालू असते. म्हणून हवा पाहत राहणे चुकत नाही. कशाने पाहायची, एवढाच प्रश्न.

टोपणाच्या पोटात काय असते

पाणी भरायच्या नळाला तोटी असते, तशी टायरच्या हवेला व्हॉल्व्ह ही तोटी. पंक्चरवाले तिला ‘वॉल’ म्हणतात. तिच्या तोंडात डोकावून पाहिले तर मधोमध एक बारीक पिन दिसते. खाली स्प्रिंग असते. पिन दाबली की हवेची वाट उघडते, सोडली की स्प्रिंग आणि आतली हवा मिळून ती बंद करतात. अमेरिकेतल्या श्रेडर यांच्या कारखान्याने १८९० च्या दशकात काढलेली ही रचना आजही मोटारीपासून ट्रॅक्टरपर्यंत चालते. तिच्यावरचे साधे काळे टोपण धूळ-चिखल बाहेर ठेवते आणि हवेला दुसरे दार म्हणूनही उपयोगी पडते. म्हणजे दोन दारे झाली. पहिले पिनचे, दुसरे टोपणाचे.

आता रंगाच्या टोपणाकडे पाहा. आतली हवा किती हे त्याला कळायचे, तर हवा त्याच्यापर्यंत पोचली पाहिजे. म्हणून टोपणाच्या आत मधोमध एक खुंटी असते. टोपण घट्ट बसवले की ती खुंटी पिन दाबून धरते. शेवटच्या फेऱ्याला ‘फुस्स’ असा आवाज येतो, तो याचाच. मग चाकातली हवा टोपणाच्या पोटात येते, तिथल्या रबरी पडद्याला ढकलते, पडदा स्प्रिंगविरुद्ध वर सरकतो आणि हिरवी नळी वर येते. हवा उतरली की स्प्रिंग जिंकते, हिरवी नळी खाली जाते आणि पिवळी, मग तांबडी उघडी पडते. युक्ती सुबक आहे, यात शंका नाही.

पण खरी मेख इथेच आहे. टोपण बसले की पहिले दार रात्रंदिवस उघडे राहते. सगळी हवा अडवून धरायचे काम आता त्या टोपणाच्या बारीक रबरी चकतीवर आणि नाजूक पडद्यावर आले. स्वयंपाकघरातल्या कुकरची रिंग आपल्या घरातल्या बायका चांगल्या ओळखतात. नवी असते तोवर वाफ धरते. कडक झाली, चिरली की बाजूने वाफ जाते आणि शिटी होत नाही. टोपणातले रबरही तसेच उन्हाने, उष्णतेने आणि धुळीने कडक होते. कुकरची रिंग गेली तर डाळ कच्ची राहील. ही चकती गेली तर चाक बसेल.

एक बारकावा आणखी. टोपण धावता धावता अख्खे निखळून पडले तर फारसे बिघडत नाही. पिन वर येते आणि हवा आतच राहते. पण टोपण खाली तसेच घट्ट राहून वरचे झाकण तडकले आणि पडदा फाटला, तर पिन दाबलेलीच राहते आणि हवेला मोकळी वाट मिळते. शेतात ऊस-कापसाची धसकटे, बांधावरचे दगड आणि बाभळीच्या फांद्या आहेत. साध्या टोपणापेक्षा लांब असलेले हे टोपण तिथे आधी मार खाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

वजनाचेही पाहा. मोटारीचे चाक ताशी ८० किलोमीटर वेगाने फिरत असताना व्हॉल्व्हच्या जागी असलेली वस्तू तिच्या वजनाच्या जवळजवळ १०० पट जोराने बाहेर ओढली जाते. दगड बांधलेली गोफण फिरवताना हाताला जी ओढ लागते, तीच ही. म्हणजे ५ ग्रॅमचे टोपण व्हॉल्व्हच्या रबरी देठाला अर्धा किलो वजन लटकवल्यासारखे ओढते. देठ नवा असेल तर तो सोसतो. जुना आणि मुळाशी चिरलेला असेल, तर तिथेच दगा देतो.

एका टोपणाला एकच आकडा

दुसरी मेख त्याहून मोठी. ही साधी टोपणे कारखान्यातच एका आकड्याला बांधलेली असतात. टोपणावर किंवा पाकिटावर तो छापलेला असतो. कुठे ३२, कुठे ३६, कुठे पौंडांऐवजी २.२ किंवा २.४ बार. एक बार म्हणजे सुमारे साडेचौदा पौंड. त्या आकड्याला हिरवा, साधारण ४ पौंड उतरल्यावर पिवळा आणि ८ पौंड उतरल्यावर तांबडा, असे काहीसे पाकिटावर लिहिलेले असते.

शहरातल्या माणसाची एक मोटार, तिच्या चार चाकांची हवा जवळजवळ सारखी. त्याचे एक वेळ भागेल. आपल्या दारात काय उभे असते? ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकांत शेतकामाला १२-१४ पौंडांच्या आसपासच हवा ठेवतात, म्हणजे चाक पसरून बसते, घसरत नाही आणि जमीन कमी दाबली जाते. पुढच्या लहान चाकांना याच्या दुपटीच्या आसपास हवा लागते. ट्रॉलीच्या चाकांना त्याहून पुष्कळ जास्त. मोटारसायकलला पुढे वेगळी आणि मागे वेगळी. त्यातही मागच्या चाकाला एकट्याने जायचे तर एक आकडा आणि जोडीने जायचे तर दुसरा. एका घरात पाच-सहा आकडे!

आता ३२ चे टोपण ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला लावले तर काय होईल? हवा योग्य असूनही ते कायम तांबडे दाखवील. पाहून कोणी घाबरून हवा भरली, तर चाक टणक होऊन नांगरटीत घसरेल. तेच टोपण ६० पौंड लागणाऱ्या ट्रॉलीच्या चाकाला लावले, तर हवा ४० वर आली तरी ते हिरवेच राहील. तिसरा भाग हवा गेली आणि टोपण म्हणते, ‘सारे ठीक!’ हा हिरवा रंग तांबड्यापेक्षा जास्त धोक्याचा.

हवा जादा झाली तरीही टोपण बोलत नाही. ३२ च्या जागी ४५ भरले तरी रंग हिरवाच. म्हणजे ते ‘कमी नाही’ एवढेच सांगते, ‘बरोबर आहे’ असे सांगत नाही.

ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात वजनासाठी पाणी भरण्याची पद्धत आहे. अशा चाकाला हे टोपण मुळीच लावू नये. व्हॉल्व्ह खाली आला की पाणी टोपणात शिरते आणि टोपणही खराब होते, रंगही खोटा दाखवते. अशा चाकाची हवा पाहताना चाक फिरवून व्हॉल्व्ह अगदी वर आणावा, मगच पाण्याला चालणारे गेज लावावे.

पारख कशी करावी

एवढे समजून घेऊनही मोटारीला किंवा जीपला ही टोपणे लावायची असतील, तर जरूर लावा. पण आधी आठवडाभर त्यांची परीक्षा घ्या. लागते काय? हवा मोजायचे एक चांगले गेज, साबणाचे पाणी, वही आणि पेन्सिल. वही घरातल्या शाळकरी मुलामुलींच्या ताब्यात द्यावी. त्यांना मजा वाटते आणि नोंद चोख राहते.

१. पहिल्यांदा गेजचीच पारख. मापच खोटे असेल तर सारा हिशेब खोटा. एकाच चाकाची हवा आपल्या गेजने मोजावी आणि लगेच आणखी दोन ठिकाणच्या गेजने मोजावी. पौंडाचा फरक चालेल, चार-पाच पौंडांचा चालणार नाही. पेट्रोल पंपावर हवा फुकट द्यावी असा तेल कंपन्यांचा नियम आहे, तेव्हा संकोच करू नये.

२. मोजणी नेहमी पहाटे, गाडी रात्रभर उभी असताना करावी. उष्णतेने हवा फुगते. पहाटेच्या १५ अंशांत २८ पौंड असलेली हवा दुपारच्या ४० अंशांत ३२ च्या जवळ जाते, आणि गाडी पळाली असेल तर आणखी वर. म्हणजे पहाटे पिवळे असलेले टोपण दुपारी आपोआप हिरवे होते. हवा वाढली नाही, फक्त तापली. दुपारचा हिरवा खरा धरू नये.

३. रंगाची परीक्षा. चाकात टोपणावरच्या आकड्याइतकी हवा भरावी आणि टोपण बोटांनी घट्ट करावे. पक्कड लावू नये. रंग लिहून ठेवावा. मग टोपण काढून गेजने पाहत दोन पौंड हवा सोडावी, पुन्हा टोपण लावावे, रंग लिहावा. असे दोन-दोन पौंडांनी खाली यावे. कोणत्या आकड्याला पिवळा आला, कोणत्याला तांबडा, हे चारही टोपणांचे लिहावे. चौघे एका सुरात बोलले पाहिजेत. एक टोपण २८ ला पिवळे होते आणि दुसरे २३ पर्यंत हिरवेच राहते, असे निघाले तर तो संच भरवशाचा नाही. परीक्षा झाल्यावर हवा पुन्हा पुरी भरायला विसरू नये.

४. गळतीची परीक्षा. ही सर्वांत महत्त्वाची. टोपणाच्या जोडावर, झाकणावर आणि व्हॉल्व्हच्या मुळाशी साबणाचे पाणी सोडावे. बारीकसा बुडबुडा उठत राहिला तरी ते टोपण नापास. बुडबुडे मुळाशी असतील तर दोष टोपणाचा नाही, देठाचा. तो आधी बदलून घ्यावा.

५. सात दिवसांची परीक्षा. दोन चाकांना रंगाची टोपणे लावावीत आणि दोन चाकांना साधी काळी. चारही चाकांत सारखी हवा भरावी. मध्ये रोज टोपण काढून पाहू नये, कारण दरवेळी थोडी हवा निघून जाते. आठव्या दिवशी पहाटे चारही चाके गेजने मोजावीत. साध्या टोपणाचे चाक अर्धा-एक पौंड उतरले आणि रंगाचे तीन-चार पौंड उतरले, तर हवा कुठून गेली हे वेगळे सांगायला नको. या परीक्षेत दोन चाके साधी ठेवणे जरुरीचे आहे. शेजारच्या वाफ्यात जुने बियाणे लावल्याशिवाय नव्याचा गुण कळत नाही.

६. हादऱ्याची परीक्षा. गावच्या खडबडीत रस्त्याने दहा-पंधरा किलोमीटर सावकाश जाऊन यावे आणि साबणाचे पाणी पुन्हा लावावे. मोटारसायकल असेल तर आधी चाक हाताने पूर्ण फिरवून पाहावे. लांब टोपण फोर्कला किंवा ब्रेकला कुठे घासत असेल तर ते तिथे चालणार नाही.

परीक्षेत उतरलेले टोपणही कायमचे पास समजू नये. दर उन्हाळ्यानंतर झाकण पिवळट, चिरलेले दिसते का ते पाहावे आणि गळतीची परीक्षा पुन्हा घ्यावी. कोकणातल्या बंधूंनी आणखी एक पाहावे. खाऱ्या हवेत धातूचे टोपण पितळी देठावर गंजून पक्के बसते. मग ते काढताना देठच मोडतो.

हल्ली बॅटरीवर चालणारी टोपणेही मिळतात. ती हवेचा आकडा चालकापुढच्या लहान पडद्यावर किंवा मोबाइलवर दाखवतात. त्यांचा मोठा गुण असा, की गाडी चालू असताना हवा उतरू लागली तरी कळते. रंगाचे टोपण मात्र गाडी थांबवून खाली उतरल्याशिवाय बोलत नाही. पण बाहेरून बसणारे हे बॅटरीचे टोपणही पिन दाबूनच ठेवते. म्हणून गळतीची, सात दिवसांची आणि हादऱ्याची परीक्षा त्यालाही चुकलेली नाही.

चार पौंडांची किंमत

चार-सहा पौंडांसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांनी अमेरिकेतले एक प्रकरण ऐकावे. तिथे फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोरर गाडीवरच्या फायरस्टोन टायरांचे वरचे थर भर वेगात सुटू लागले. गाड्या उलटल्या आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. ऑगस्ट २००० मध्ये लाखो टायर परत मागवावे लागले. दोष कोणाचा यावर दोन्ही कंपन्यांत मोठा वाद झाला. त्या वादातला एक मुद्दा हवेचाच होता. गाडीवाल्यांनी २६ पौंड सांगितले होते, टायरवाल्यांनी पुढे ३० भरा म्हटले. फरक अवघा चार पौंडांचा. आधीच कमी सांगितलेल्या हवेतून आणखी थोडी उतरली आणि उन्हात लांबचा प्रवास घडला, की टायर तापणारच.

त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून नव्या हलक्या गाड्यांत हवा चौथा भाग उतरली की चालकासमोर दिवा लागलाच पाहिजे, असे ठरले. युरोपात नव्या मोटारींना २०१२ ते २०१४ या काळात अशी सक्ती झाली. आपल्याकडे २०२० साली नियम आला की, लहान मोटारीला ट्यूबलेस टायर, हवेचा इशारा देणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचा संच असेल तर जादा चाक सक्तीचे नाही. म्हणजे सरकारनेही हवेच्या इशाऱ्याला मोल दिले आहे. मात्र ती यंत्रणा गाडीबरोबर बसवलेली आणि तपासलेली असते. बाजारातले चार टोपणांचे पाकीट म्हणजे ती नव्हे.

मग करावे काय?

सांगायचे ते थोडक्यात असे. रंगाचे टोपण हे राखणदार कुत्र्यासारखे समजावे. भुंकले तर उठून पाहावे, पण भुंकले नाही म्हणून दार उघडे टाकून झोपू नये. तांबडा दिसला तर थांबा, गेज लावा. हिरवा दिसला तरी पंधरा दिवसांतून एकदा गेज लावाच. लांबच्या प्रवासाआधी, लग्नकार्याला सारे घर गाडीत बसण्याआधी आणि उसाची पहिली खेप भरण्याआधी तर नक्कीच.

एकच वस्तू घ्यायची असेल तर आधी गेज घ्या. टोपणाला एकच आकडा येतो, गेजला सगळे येतात. ट्रॅक्टर, ट्रॉली, टायरगाडी, जीप, मोटारसायकल, सगळ्यांना एकच गेज पुरते, फक्त ट्रॉलीचा मोठा आकडा त्यावर आहे ना, एवढे पाहून घ्यावे. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतून प्रत्येक चाकाचा आकडा काढून गोठ्याच्या किंवा शेडच्या भिंतीवर ऑइलपेंटने ठळक लिहून ठेवा. जादा चाकाचाही लिहा. ते नेहमी विसरते आणि नेमक्या वेळी बसलेले निघते. साधी टोपणे हरवली असतील तर दोन-चार आणून ठेवा. उघड्या व्हॉल्व्हमध्ये चिखल गेला की पिन नीट बसत नाही.

आणि हवा भरताना एवढे सांभाळा. मोठ्या चाकाच्या अगदी समोर उभे राहू नका, बाजूला उभे राहा आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका. ट्रॉलीच्या ज्या चाकांना लोखंडी रिंग असते, ती रिंग उडाली तर माणूस वाचत नाही.

पहाटे धार काढायला उठल्यावर गेज हातात घेतले, तर चार चाके मोजायला पाच मिनिटे पुरतात. वहीत चार आकडे लिहिले की काम झाले. कोणते चाक हळूहळू उतरते आहे, हे ती वही महिनाभरात सांगू लागेल, आणि तेही ते रस्त्यात बसण्याच्या आत.